भोयरिणीचं बाळंतपण

रुपराव भोयरांनी आयुष्यात पुष्कळ पत्रांना उत्तरं दिली नव्हती. कुणी लग्नाला बोलावलं, कुणी वाचनालयाच्या समारंभात चार शब्द बोलायला सांगितलं, कुणी नुसतंच 'कसे आहात' म्हणून विचारलं. काय लिहावं याचा विचार करता करता लग्नं होऊन त्यांची मुलं शाळेत गेली. पण तारखेसकट आठवावं असं पत्र यात एकच होतं. सतरा ऑक्टोबर त्रेसष्ट. वहीतून फाडलेला दुरेघी कागद, शिसपेन्सिलीचं गोल अक्षर आणि खाली सही – कु. कौसल्या चंपतराव ठवकर, इयत्ता सातवी, मु. पो. पारशिवनी.

'लेखक महाशयांस सा. न. वि. वि. आपले सरपटणारे शेजारी हे पुस्तक मला निबंधात पहिली आले म्हणून बक्षीस मिळाले. माझ्याकडे एक गुहिरा म्हणजे रंग बदलणारा सरडा आहे. मादी आहे. तिचे पोट फुगले आहे. आपण पान एक्केचाळीसवर लिहिले आहे की गुहिऱ्याची मादी झाडाच्या ढोलीत अंडी घालते. आमच्या झाडाला ढोली नाही म्हणून मी मडक्यात कापूस घालून तिला ठेवले. पण ती सारखी बाहेर येते. खात नाही. बाबा म्हणतात मीच तिला नीट ठेवले नाही. काय करावे ते उलटटपाली कळवावे. ती काळी पडत चालली आहे.'

पत्र पाठपोट होतं. पण इतकं वाचूनच लेखक महाशयांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुढचं पान त्यांनी डोळ्यांखालून घातलं एवढंच.

लेखक महाशय म्हणजे महाल भागातल्या एका शाळेचे ग्रंथपाल. सीताबर्डीवरच्या एका प्रकाशकाला शाळांच्या बक्षिसांसाठी चौसष्ट पानांची पुस्तकं हवी होती. वाघ-सिंह आणि पक्षी दुसऱ्या कुणी आधीच घेऊन टाकले होते, तेव्हा रुपरावांच्या वाट्याला सरपटणारे आले. एकही सरपटणारा प्राणी त्यांनी जवळून पाहिला नव्हता. दिसला की ते जवळ राहत नसत. त्यांनी सगळं पुस्तक ग्रंथालयात बसून लिहिलं आणि दर तिसऱ्या ओळीला 'बहुधा', 'असावे', 'काहींच्या मते' असं घालत गेले. प्रकाशकांनी लाल पेन्सिल घेतली. "मास्तर, पोराईले बक्षीस देऊन राहिलो आपण, शंका नाही." सगळे बहुधा गेले आणि पुस्तक बरोबर चौसष्ट पानांत बसलं. गुहिरा झाडावर राहतो, मग अंड्यांसाठी तो खाली कशाला उतरेल, असा रुपरावांचा आपला एक अंदाज होता. छापून आला तेव्हा तो अंदाज उरला नव्हता.

पत्र आल्यावर नवव्या दिवशी त्यांना एका जाडजूड इंग्रजी ग्रंथात एक ओळ सापडली. मादी जमिनीवर उतरते, खड्डा खणते, त्यात अंडी घालते. त्यांनी उत्तर लिहिलं. मग मनात आलं, नऊ दिवस झाले, आता काय उपयोग? ते फाडलं. मग दुसरं लिहिलं, त्यात उशिराबद्दल क्षमा मागितली. ती फार लांबली म्हणून तेही फाडलं. पुढे उशीर हीच क्षमा मागण्याजोगी मुख्य गोष्ट झाली आणि ती रोज वाढत गेली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. पान एक्केचाळीस जसंच्या तसं. प्रकाशकाला सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

या सगळ्याला अकरा वर्षं झाली. रुपराव निवृत्त होऊन सक्करदऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत एकटेच राहत होते. लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याही बाबतीत कुणाला तरी उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. घरामागे छोटं अंगण होतं, आणि साप निघू नये म्हणून त्यांनी ते कडेपासून कडेपर्यंत शहाबादी फरशीनं मढवून घेतलं होतं. मातीचं दर्शन म्हणून एका कोपऱ्यात लिंबाच्या झाडाच्या बुडाभोवती चौकोनी आळं राहिलं होतं, तेही वीतभर.

चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या इंदूबाई हातात एक वाळकी फांदी घेऊन दारात उभ्या राहिल्या. इंदूबाईंनी सरकारी जनाना दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम केलं होतं आणि अर्धं सक्करदरा आपल्या हातावर जन्माला आलं असं त्या सांगत. उरलेलं अर्धंही त्यांना घाबरून असे. फांदीच्या टोकाला हिरवा, चपट्या अंगाचा, चिमट्यासारख्या पायांचा प्राणी डुलत होता. त्याचा एक डोळा इंदूबाईंकडे आणि दुसरा रुपरावांकडे होता.

"घ्या जी भोयरभाऊ, तुमचा पाव्हना. लोकं दगडानं ठेचून राह्यले होते बिचाऱ्याले. म्हनतात, जहरी हाय. म्हनलं, थांबा, याचा मास्तर आमच्या गल्लीत राह्यते."

रुपराव दाराआड झाले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "चावतो का हो?"

"हे तुमी मले इचारता? पुस्तक कोनं लिहलं?"

रुपरावांनी दाराआडूनच मागच्या अंगणाकडे बोट केलं. फांदी लिंबाच्या झाडाला टेकवली गेली आणि पाहुणा झाडावर गेला.

पहिला आठवडा रुपरावांनी त्याला खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात छत्रीच्या टोकाला नाकतोडा बांधून लांबून देऊ केला. जीभ आली, नाकतोडा गेला, आणि छत्री रुपरावांच्या हातून पडली. महिनाभरानं मात्र हा पासष्ट वर्षांचा माणूस रोज सकाळी शाळेच्या मैदानावर धोतर सावरत नाकतोडे पकडू लागला. दुपारी तो झाडाखाली खुर्ची टाकून वाचत बसे आणि अधूनमधून वाचलेलं मोठ्यानं सांगे. ऐकणाऱ्याचा निदान एक डोळा आपल्याकडे असतो याचं त्याला अप्रूप वाटे. शाळेत चाळीस मुलांचे मिळून कधी दोन नसत.

इंदूबाईंनी शेपटीखाली बघून ती मादी असल्याचा निर्वाळा दिला. आणि त्या दिवसापासून तिचं नाव पडलं भोयरीण.

"काय म्हनते भोयरीण? जेवली का?" त्या भिंतीवरून ओरडत. सगळी गल्ली ऐके. रुपराव लाल होत, पण नाव काही बदलत नसे.

कोजागिरी झाल्यावर भोयरिणीनं खाणं सोडलं. तिचं पोट दोन्ही बाजूंनी सुटलं, अंगावर पिवळे ठिपके उठले. एका दुपारी ती बुंध्यावरून खाली उतरली आणि फरशीवर चालू लागली. दोन पावलं टाकायची, थांबायचं, नखं घासायची. पुन्हा दोन पावलं. फरशीवर नखांचा बारीक आवाज येत होता.

इंदूबाईंनी भिंतीवरून पाहिलं आणि पदर खोचून आत आल्या. "भोयरभाऊ, हिचे दिवस भरले."

"पण ती तर इथे एकटीच..."

"येतानाच घेऊन आली असंन. आता लोकाईले काय सांगसान? नाव तं तुमचंच लागलं हाय!" आणि त्या इतक्या हसल्या की लिंबाचं एक पान गळालं.

रुपराव हसले नाहीत. ते आत गेले, पुस्तकाची आपली प्रत काढली, पान एक्केचाळीसमधलं पत्र काढलं, पहिली बाजू पुन्हा वाचली आणि खाली बसले. बाहेर नखं घासत होती. पारशिवनीला त्या मुलीनं हाच आवाज ऐकला असणार.

"इंदूबाई," ते बाहेर येऊन म्हणाले, "हिला जमीन मिळाली नाही तर ही मरेल. अंडी पोटातच राहतील."

त्यांचा चेहरा पाहून इंदूबाईंचं हसू विरलं. "मंग मैदानात सोडून देऊ."

"दगड घेऊन लोक बसलेच आहेत तिथे."

"हे बी खरं." त्यांनी कमरेवर हात ठेवले. "बाळंतपन घरीच करा लागते म्हना की."

आधी पत्र्याचं जुनं पिंप आलं. त्यात इंदूबाईंनी आपल्या परसातली काळी माती भरली आणि वर दोन तांबे पाणी ओतलं. भोयरिणीला आत ठेवलं. तिनं एक पाय उचलला, त्याला पायाएवढाच चिखल चिकटला. दुसरा उचलला, त्यालाही. ती तशीच बूट घातल्यासारखी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी उन्हानं तीच माती विटेसारखी झाली. मग कन्हान नदीची वाळू आली. वाळूत ती उकरी तेवढं वरून घसरे. अर्धा तास तिनं एकच खड्डा खणला आणि शेवटी काही खड्डा झाला नाही.

"अशी बी नाई अन् तशी बी नाई," इंदूबाई म्हणाल्या. "सुनेपेक्षा नखरे हायेत." मग त्यांनी काळी माती आणि वाळू परातीत एकत्र केली, पाणी शिंपडलं, मूठ भरून दाबली आणि उघडली. मुठीत लाडू वळला होता. बोटानं टिचकी मारताच फुटला. हाताला ओल लागली नाही. "हे घ्या. बेसनाचे लाडू तीस वर्सं वळले, वाया नाई गेले."

माती जमली, पण पिंप तापत होतं. दुपारी पत्र्याला हात लावला तर ठेववत नव्हता. भोयरीण काठावर चढून बसली, आणि तिचा रंग करडा झाला.

तेव्हा रुपराव म्हणाले, "फरशी काढू या."

फरशी बसवली होती धोंडबा गवंड्यानं. तो सब्बल म्हणजे लोखंडी पहार खांद्यावर घेऊन आला आणि अंगणाकडे बघत राहिला. "मास्तर, सहा वर्सं झाले. तुमीच म्हनले होते, फट राहू देऊ नको, साप येईन. केसभर फट ठेवली नाई मी. अन् आता हे कोनासाठी काढाले लावता?"

"सरड्यासाठी," रुपराव खाली बघत म्हणाले.

"सरड्यासाठी."

"मादी आहे."

धोंडबानं इंदूबाईंकडे पाहिलं. इंदूबाईंनी 'काढ मुकाट्यानं' अशी मान केली. त्यानं अंगणाच्या बरोबर मध्ये चार फरशा उचलल्या, खालचा मुरूम कोपरभर खणला, आणि खड्ड्यात मुठीच्या लाडवाची माती भरली. इंदूबाई घरून बाटली घेऊन आल्या आणि बूच काढलं. अंगणभर दवाखान्याचा वास सुटला.

"काय करता?" रुपरावांनी विचारलं.

"फिनेल. बाळंतिणीची जागा साफ नको? मुंग्या किती हायेत पाहा."

"नको. अंडी मरतील."

"तीस वर्सं मी–"

"नाई म्हनतो ना मी!" रुपराव ओरडले. "एक थेंब नाई पडला पाह्यजे! काहून ऐकून नाई राहिल्या तुमी?"

सब्बल धोंडबाच्या हातात तशीच राहिली. रुपरावांचा आवाज एवढा मोठा आहे हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यांना स्वतःलाही. इंदूबाईंनी बूच लावलं.

"बोलता येते म्हनजे तुमाले," त्या म्हणाल्या. "इतके दिवस काहून ठेवलं होतं जपून?" मुंग्यांसाठी त्यांनी कडेनं हळद टाकली आणि बाटली घेऊन गेल्या.

पण भोयरीण त्या मातीकडे फिरकली नाही. दोन दिवस ती फरशीवर चालत राहिली. खड्ड्याच्या कडेला यायची, एक डोळा खाली करायची आणि परत फिरायची. तिचे पाय थरथरू लागले. तिसऱ्या सकाळी ती काळपट दिसली. पत्रातला 'काळी' हा शब्द रुपरावांच्या मनात आला आणि त्यांनी तो मागे ढकलायचा प्रयत्न केला. गल्लीतल्या चार बाया बघायला आल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मास्तराईच्या पुस्तकात काय लिहलं हाय?"

"पुस्तकात चूक आहे," रुपराव म्हणाले.

हे त्यांनी कुणापुढेही पहिल्यांदाच म्हटलं होतं. आभाळ वगैरे काही कोसळलं नाही. बाई म्हणाली, "अवं माय," आणि पदरानं वारा घेत राहिली.

रुपराव आत गेले. ग्रंथालय चाळून झालं होतं, त्या इंग्रजी ग्रंथात एकच ओळ होती. या प्राण्याला अंड्याच्या दिवसांत डोळ्यांनी पाहिलेल्या एकाच माणसाचं लिखाण त्यांच्याकडे होतं. त्यांनी पत्र उलटं केलं आणि मागची बाजू, अकरा वर्षांत पहिल्यांदा, शब्द न् शब्द वाचली.

'ती मडक्यातून निघून पेरूच्या झाडाखाली जाते. दुसरीकडे नेऊन ठेवली तरी तिथेच येते. मुळाला लागून उकरते. तिथे माती घसरत नाही. पण तिथे आमच्या बकऱ्या बांधतात. आणि कोणी बघत असले की ती उकरणे बंद करते आणि मेल्यासारखी बसते. मी बाबांना सांगितले की तिला बहुतेक जमिनीत जायचे आहे. पण बाबा म्हणाले पुस्तकात ढोली लिहिले आहे तर लेखकाला तुझ्यापेक्षा जास्त कळते.'

रुपरावांनी चष्मा काढून पुसला. नंतर तो घालायचा विसरून तसेच अंगणात गेले.

"धोंडबाला बोलवा. लिंबाजवळच्या फरशा काढायच्या. मुळाला धक्का लागू न देता."

"अन् मधातला खड्डा?" इंदूबाईंनी विचारलं.

"तो माझ्या अंदाजाचा आहे. राहू द्या."

धोंडबा आला. "आता कुठं निघन साप," एवढंच म्हणून त्यानं बुंध्याला लागून असलेल्या तीन फरशा उचलल्या. खालून लिंबाची मुळं निघाली, बोटासारखी, एकमेकांत गुंतलेली. रुपराव धोतर खोचून गुडघ्यांवर बसले आणि मुळांमधला मुरूम स्वतःच्या हातांनी काढू लागले. एक गांडूळ निघालं. त्यांनी डोळे मिटून त्याला बाजूला ठेवलं. मग परातीतली माती मुळांच्या मध्ये दाबत दाबत भरली, पुन्हा मूठ वळून पाहिली आणि वर थोडं पाणी शिंपडलं. इंदूबाईंनी बांबूचा तट्टा आणून आडोसा उभा केला.

"आता सगळे बाहेर," रुपराव म्हणाले. "कुणी बघायचं नाही. ती थांबते."

हे काम इंदूबाईंच्या रोजच्या सवयीचं होतं. त्यांनी बाह्या सारल्या. "चला, निघा वं सगळ्या! बाळंतपन पाहाले आल्या का तमाशा? नातेवाईक असंन त्यानंच थांबावं!" बाया हसत, एकमेकींना ढकलत बाहेर गेल्या. धोंडबाही निघाला, कारण इंदूबाई त्याच्याकडेही बघत होत्या.

रुपराव घरात खिडकीशी बसले. तट्ट्याच्या एका फटीतून झाडाचं बूड दिसत होतं. दुपारचे बारा वाजले होते. भोयरीण फरशीवरून आली, मुळाशी थांबली. एक डोळा मातीकडे, एक आभाळाकडे. मग तिनं पुढचा पाय घातला आणि माती मागे फेकली.

तिनं तीन तास खणलं. आधी डोकं गेलं, मग खांदे, मग नुसती शेपटी बाहेर राहिली. माती घसरली नाही. मग शेपटीही आत गेली, आणि पुष्कळ वेळानं त्याच भोकातून तोंड बाहेर आलं. आत कशी वळली कोण जाणे. ती तशीच तोंड बाहेर ठेवून बसली. दर थोड्या वेळानं अंग आखडायचं आणि सैल व्हायचं. रुपरावांना शेजारी कुणीतरी श्वास रोखल्यासारखं वाटलं. पाहिलं तर इंदूबाई मागच्या दारानं येऊन खिडकीच्या दुसऱ्या गजाशी उभ्या होत्या.

"नातेवाईक हाय मी," त्या कुजबुजल्या. आणि ओठ न हलवता, कळा मोजल्यासारखी, बोटं मिटत राहिल्या.

उन्हं भिंतीवर गेली तेव्हा ती बाहेर आली. पोट खपाटीला गेलं होतं, कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या. तिनं वळून मागच्या पायांनी माती लोटली, दाबली, पुन्हा लोटली. नंतर ती बुंध्यावर चढू लागली, अगदी हळू. रुपराव वाटीत पाणी घेऊन गेले आणि पानांवर शिंपडत राहिले. तिनं पानावरचे थेंब एकेक करून चाटले.

"उकरून पाहू का किती हायेत ते?" इंदूबाईंनी विचारलं.

"नाही. त्यांना सात-आठ महिने आत राहायचं आहे."

"म्हनजे पावसाळ्यात वाजत-गाजत बारसं." त्या निघाल्या आणि दारात थांबल्या. "तुमच्या टेबलावर तो कागद हाय ना, पेन्सिलीचा. मी वाचला. खिडकीशी उभी होती, काय करू, दिसला."

रुपरावांनी रिकामी वाटी पालथी केली.

"त्या पोरीले कळवलं का मंग?"

"विचार आहे," रुपराव म्हणाले. "पिल्लं बाहेर आली की मग सविस्तर लिहीन. म्हणजे माहिती पूर्ण होईल. आत्ता लिहिलं आणि अंडी नासली तर पुन्हा चुकीचं..."

"अकरा वर्सं झाले, अन् आनखी आठ महिने?" इंदूबाई म्हणाल्या. "तिनं माहितीसाठी नाई लिहलं जी. तिच्या बापानं तिले सांगितलं का तुह्याच चुकीनं झालं. ते ऐकून बसली असंन ते अजून." आणि त्या फाटक लावून गेल्या. रोज आपटत, आज आपटलं नाही.

रुपरावांनी दिवा लावला आणि आंतरदेशीय पत्र पुढे घेतलं. मायन्यापाशीच अर्धा तास गेला. चि. लिहावं तर ती आता बावीस-तेवीस वर्षांची बाई असणार, सौ. लिहावं तर खात्री नाही. शेवटी त्यांनी लिहिलं:

'श्रीमती कौसल्याबाई यांस सप्रेम नमस्कार. तुमच्या १७ ऑक्टोबर १९६३ च्या पत्राचे हे उत्तर. माझ्या पुस्तकात पान ४१ वर जे लिहिले आहे ते चूक आहे. गुहिऱ्याची मादी जमिनीत अंडी घालते, झाडाच्या मुळाला लागून, ओलसर मातीत, कोणी बघत नसताना. हे सर्व तुम्ही तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूस लिहिले होते. मी ते आज वाचले आणि त्याप्रमाणे केले, म्हणून माझ्याकडची एक मादी वाचली. तुमच्या मादीच्या बाबतीत तुमची काहीही चूक नव्हती. माझी होती. हे मला नवव्या दिवशी कळले होते आणि मी कळवले नाही. तुमचे वडील असतील तर त्यांनाही हे वाचून दाखवावे. – रुपराव भोयर.'

वाचून पाहिलं. पत्रात क्षमा मागायची राहून गेली होती. ती घालायची तर पुन्हा सगळं लिहावं लागलं असतं, आणि पुन्हा लिहायला घेतलं की काय होतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी घडी घातली आणि डिंक लावला. पत्त्यावर 'द्वारा श्री. चंपतराव ठवकर, मु. पो. पारशिवनी' लिहिलं आणि खाली, पोस्टमनसाठी, 'लग्न झाले असल्यास सासरचा पत्ता घालून पुढे पाठवावे ही विनंती'.

सकाळी चौकातल्या लाल पेटीपाशी ते पोचले. पत्र पेटीच्या तोंडात घातलं आणि धरून ठेवलं. श्रीमती बरोबर आहे ना? वडील हयात नसले तर त्या ओळीनं तिला वाईट वाटेल का? ओलसर म्हणजे किती, हे तर लिहिलंच नाही...

"काका," मागे सायकल धरून उभ्या असलेल्या माणसानं म्हटलं, "तुमचं झालं असंन तं मी टाकू का माह्यं?"

"हो, हो, टाका ना," रुपराव घाईघाईनं म्हणाले आणि बाजूला झाले. पेटीच्या तळाशी काहीतरी हलकंसं पडल्याचा आवाज आला. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो रिकामा होता.